जीकॉम्प्री फोनवर येताना: काय टाकलं, काय टिकलं

ओपन सोर्स शैक्षणिक खेळ मोबाइलवर न्यायचा म्हटलं की चर्चा बहुतेक वेळा स्क्रीनच्या आकारापाशीच अडकते. बटणं मोठी करा, मजकूर कमी करा, आडवं-उभं सांभाळा, झालं. अभ्यासासाठी जीकॉम्प्रीचं प्रकरण निवडलं ते यासाठी, की तिथे स्क्रीन ही त्यातल्या त्यात सोपी अडचण ठरली. अवघड होती ती प्रोग्रॅमच्या पोटात वर्षानुवर्षं बसलेली गृहीतकं. मुलाच्या हातात माउस आहे, समोर कीबोर्ड आहे, त्याच मशीनवर गरजेला आणखी चार प्रोग्रॅम सापडतील, आणि सगळं एकदा बसवून देणारं जाणतं माणूस आसपास आहे. फोनवर यातलं एकही धड खरं नसतं.

जीकॉम्प्री हा एक खेळ नाही, खेळांचा संच आहे. 2 ते 10 वर्षांच्या मुलांसाठी अक्षरओळख, आकडेमोड, घड्याळ, रंग, भूगोल, कोडी, बुद्धिबळ असं सगळं एका छताखाली. ब्रुनो कुद्वां या फ्रेंच सॉफ्टवेअर अभियंत्याने 2000 साली त्याची सुरुवात केली. लिनक्स या मुक्त संगणकप्रणालीवर लहान मुलांसाठी फारसं काही नव्हतं, ती उणीव त्याला भरून काढायची होती. प्रकल्प जीएनयू या मुक्त सॉफ्टवेअर चळवळीच्या कुटुंबातला, जीपीएल परवान्याखाली, म्हणजे सोर्स कोड सगळ्यांना खुला. जीटीके हे खिडक्या-बटणं उभारायचं टूलकिट वापरून, सी आणि पायथॉन या भाषांत लिहिलेला. प्रत्येक खेळ प्लगइनसारखा सुटा, त्यामुळे जगभरातून कोणीही एखादा खेळ लिहून पाठवावा आणि तो संचात जोडला जावा अशी सोय होती. या सोयीमुळेच संच शंभरावर गेला आणि लिनक्सच्या डेबियन, उबुंटू, फेडोरा अशा सगळ्या वितरणांत पोहोचला.

लहान यंत्रावर जायचा अनुभवही त्याला अगदीच नवा नव्हता. 'मुलामागे एक लॅपटॉप' योजनेतल्या हिरव्या-पांढऱ्या एक्सओ लॅपटॉपसाठी जीकॉम्प्रीचे खेळ एकेक करून वेगळे बांधले गेले होते. (हे लॅपटॉप 2007 साली आपल्याकडेही कर्जत तालुक्यातल्या एका वाडीवरच्या शाळेत आले होते.) पण एक्सओ झाला तरी लिनक्सच. कीबोर्ड होता, टचपॅड होतं. फोनचं तसं नव्हतं.

दुरुस्ती की नवं बांधकाम

2014 च्या सुरुवातीला परिस्थिती अशी होती. मुलांच्या हातात टॅबलेट आणि आईवडिलांचे फोन येऊ लागले होते. जीटीकेला अँड्रॉइडवर पायच ठेवता येत नव्हता, तिथे त्याचा चालता आधार नव्हता. पायथॉन अँड्रॉइडवर चालवता येई, पण ओढूनताणून. म्हणजे असलेला कोड जसाच्या तसा उचलून नेणं हा पर्याय कागदावरही उभा राहत नव्हता. प्रश्न होता तो नव्याने कशात लिहायचं एवढाच.

एक रस्ता ब्राउझरचा होता. एचटीएमएल आणि जावास्क्रिप्टमध्ये लिहा, सगळीकडे चालेल. आज हे सहज वाटतं. पण त्या वेळी अँड्रॉइडचा वेबव्ह्यू (ॲपच्या आत वेबपान दाखवणारा भाग) 4.4 या आवृत्तीत, म्हणजे 2013 च्या अखेरीस कुठे क्रोमियमवर, म्हणजे क्रोम ब्राउझरच्या इंजिनवर, आला होता, आणि लोकांच्या हातातले बहुतेक फोन त्याआधीचे होते. ज्या फोनवर आवाज वेळेवर वाजेल याची खात्री नाही, त्यावर चार वर्षांच्या मुलासाठी अक्षरांचा खेळ कसा काढायचा?

दुसरा रस्ता क्यूटी या टूलकिटमधल्या क्यूटी क्विकचा. क्यूटीच्या 5.1 आवृत्तीत, जुलै 2013 मध्ये, अँड्रॉइडचा प्राथमिक आधार आला, आणि डिसेंबरमधल्या 5.2 मध्ये तो पक्का झाला. ब्रुनोने त्यानंतर लगेचच क्यूटी क्विकमध्ये नव्याने लिहायला घेतलं. वर्षभर आधी ठरवलं असतं तर ही वाट तयारच नव्हती. क्यूटी क्विकमध्ये पडद्यावरची मांडणी क्यूएमएलमध्ये लिहायची, खेळाचं डोकं जावास्क्रिप्टमध्ये, आणि खालचं जड काम सी++ मध्ये. एकाच कोडमधून लिनक्स, विंडोज, मॅक आणि अँड्रॉइड.

याची किंमत टूलकिटपुरती नव्हती. ग्नोम आणि केडीई हे लिनक्सचे डेस्कटॉप बनवणारे दोन मोठे प्रकल्प. जीकॉम्प्री ग्नोमचं घर सोडून केडीईच्या घरी आलं. कोड ठेवायची जागा बदलली, भाषांतराचे गट बदलले. मुक्त सॉफ्टवेअरच्या जगात ग्नोम आणि केडीई यांच्यात कधीकाळी किती धुसफूस होती हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना यातलं धाडस कळेल. चौदा वर्षांचं काम जीटीकेत करून ते बाजूला ठेवणं सोपं नसतं. माझ्या मते या प्रकरणातला सगळ्यात मोठा निर्णय हाच, आणि तो बरोबर होता. पण तो बरोबर का, हे कोडमध्ये डोकावल्याशिवाय पटत नाही.

जुन्या जीकॉम्प्रीत बोर्डविड्थ आणि बोर्डहाइट असे दोन स्थिरांक होते, 800 आणि 520. खेळाचा फळा 800 बाय 520 पिक्सेलचा, आणि प्रत्येक खेळातली प्रत्येक वस्तू त्या फळ्यावर अमुक अंतरावर ठेवलेली. बदक 340 वर, टोपली 600 वर. संगणकाच्या पडद्यावर हा फळा मोठा करून दाखवला की भागायचं. उभ्या धरलेल्या फोनवर तोच फळा दाखवला तर वर-खाली काळ्या पट्ट्या आणि मधे बोटभर खेळ. म्हणजे स्क्रीनचा आकार हा बदलता येण्याजोगा एक आकडा नव्हता, तो शंभरावर खेळांच्या हजारो ओळींत विरघळलेला होता. अशा कोडची डागडुजी करायची म्हटली तरी शेवटी प्रत्येक ओळ हातून जाणारच होती.

क्यूएमएलमध्ये हेच उलट्या बाजूने लिहिलं जातं. वस्तू कुठे आहे हे पिक्सेलमध्ये न सांगता नात्यात सांगायचं: टोपली तळाला चिकटलेली, तिची रुंदी पडद्याच्या एक पंचमांश, बदक टोपलीच्या वर. जिथे आकडा द्यावाच लागतो तिथे त्याला यंत्राच्या गुणोत्तराने गुणायचं. हे गुणोत्तर ॲप्लिकेशनइन्फो नावाच्या मध्यवर्ती वस्तूकडून मिळतं, म्हणजे दाट पिक्सेलच्या फोनवर बटण मुंगीएवढं होत नाही. आणि बऱ्याच खेळांत आडव्या-उभ्याची एक अट असते: रुंदी उंचीपेक्षा जास्त असेल तर चिठ्ठ्या बाजूला मांड, नाहीतर खाली. एवढी शिस्त पहिल्यापासून पाळली म्हणून पुढे रास्पबेरी पाय या तळहाताएवढ्या स्वस्त संगणकापासून मोठ्या टॅबलेटपर्यंत तोच कोड धावला.

मग जुन्यातलं वाचलं काय? घर बदलताना भिंती नेता येत नाहीत, भांडीकुंडी नेता येतात. प्रत्येक खेळाची माहिती देणारी फाइल जुन्यातही होती: नाव, अवघडपणाचे तारे, उद्देश, पूर्वतयारी, खेळायचं कसं. नव्यात तीच खाती ॲक्टिव्हिटीइन्फो या फाइलमध्ये आली. मजकूर बदलला नाही तिथे भाषांतरही जुन्यातून उचलता आलं. पातळ्यांचा क्रम, शब्दयाद्या, रेकॉर्ड केलेले आवाज, कितीतरी चित्रं, सगळं आलं. आणि एक गोष्ट मला फार आवडली. पोर्ट झालेल्या, म्हणजे नव्या घरी आणलेल्या, खेळाच्या फाइलमध्ये वर लेखकांच्या दोन ओळी असतात, एक जीटीके आवृत्तीच्या लेखकाची, दुसरी क्यूटी क्विकमध्ये आणणाऱ्याची. पहिल्याची एक ओळही कोड म्हणून उरलेली नसते, तरी नाव आहे. कारण खेळ त्याचा आहे, कोड दुसऱ्याचा.

बोटाला तरंगता येत नाही

गृहीतकं कशी उघडी पडली ते एका अगदी साध्या खेळात पाहू. एक चित्र रंगीत ठोकळ्यांनी झाकलेलं आहे. मुलाने ठोकळ्यांवरून माउस फिरवला की ते पुसले जातात आणि खालचं चित्र दिसतं. त्याची तीन रूपं: नुसता माउस फिरवून पुसणं, क्लिक करून पुसणं, डबल-क्लिक करून पुसणं. लिहिणाऱ्याच्या डोक्यात हा खेळ चित्राचा नव्हताच, माउस शिकवण्याचा होता. संगणकाला पहिल्यांदा हात लावणाऱ्या मुलाला बाण जिकडे हवा तिकडे नेता येणं ही तेव्हा शिकण्याची गोष्ट होती.

टचस्क्रीनवर पहिलं रूप तर्कानेच मोडतं. माउसचा बाण बटण न दाबता पडद्यावर तरंगू शकतो, बोट तरंगू शकत नाही. ते एकतर टेकलेलं असतं नाहीतर नसतं. त्यामुळे 'वरून फिरव' याचं 'टेकवून सरकव' झालं, आणि कोडमध्ये माउसच्या जागी एकाच वेळी अनेक बोटं ओळखणारं क्षेत्र आलं. गंमत अशी की दोन हातांनी पुसायला सुरुवात केल्यावर खेळ मुलांना जास्त भावतो, आणि संगणकावर हे शक्यच नव्हतं. दुसरीकडे डबल-क्लिकचं रूप फोनवर चालतं खरं, पण त्यातून शिकायचं काय उरतं? फोनवर डबल-टॅप हे काही प्रावीण्य नव्हे. पोर्ट करणाऱ्याने इथे ठरवायचं असतं की खेळ न्यायचा की उद्देश. जीकॉम्प्रीने खेळ नेला. संगणकावर तोच कोड चालतो आणि तिथे माउस आहे, हे त्याचं साधं कारण. फोनपुरतं पाहिलं तर मला हा खेळ थोडा पोरका वाटतो.

याच्या उलट, फोनमुळेच सुचलेले खेळही आले. गोळी चक्रव्यूहातून तिरकी करत नेण्याचा खेळ जुन्या संचात नव्हता. टॅबलेट हातात धरून कलवायचा, आतला सेन्सर कल ओळखतो, भौतिकशास्त्राचं गणित बॉक्स-टूडी नावाचं इंजिन करतं. संगणकावर हा खेळ बाणांच्या बटणांनी चालवावा लागतो आणि तिथे तो काहीसा कोरडा होतो. याच खेळासाठी बारीकसारीक पण महत्त्वाची सोय करावी लागली: पडदा आपोआप फिरणं बंद. नाहीतर मूल टॅबलेट कलवणार आणि पडदा उभ्याचा आडवा होणार.

पडणारी अक्षरं आणि कीबोर्ड

अक्षरं वरून पडतात, जमिनीवर पोहोचायच्या आत ते बटण दाबायचं. हा जीकॉम्प्रीतला जुना, लाडका खेळ. फोनवर कीबोर्ड नाही, मग अँड्रॉइडचा स्वतःचा कीबोर्ड उघडावा का? उघडला की निम्मा पडदा झाकला जातो, आणि पडणारी अक्षरं नेमकी झाकलेल्या भागात जमिनीला लागतात. शिवाय त्या कीबोर्डवर शब्दांच्या सूचना, इमोजी, भाषा बदलण्याचं बटण. पाच वर्षांचं मूल तिथे हरवतं.

म्हणून जीकॉम्प्रीने स्वतःचा आभासी कीबोर्ड लिहिला. त्याची युक्ती अशी की त्या पातळीवर जी अक्षरं पडणार आहेत तेवढीच बटणं दाखवायची. पहिल्या पातळीला पाच-सहा अक्षरं, तर पाच-सहा बटणं. फोनवर तो आपोआप दिसतो, संगणकावर हवा असल्यास सेटिंगमधून चालू करायचा. अडचणीतून काढलेली ही पळवाट मूळ रचनेपेक्षा शिकवायला चांगली ठरली असं माझं मत. पूर्ण कीबोर्डवर 'प' शोधताना मुलाचा वेळ शोधण्यात जातो. सहा बटणांत तो ओळखण्यात जातो.

पण ही युक्ती रोमन लिपीच्या डोक्याने बेतलेली आहे, आणि देवनागरीत ती अडखळते. जावास्क्रिप्टच्या लेखी 'कि' ही दोन चिन्हं आहेत, आधी 'क' आणि मग इकाराची मात्रा. शब्द सुटा करून बटणं बनवली की मात्रेचं एक एकटं बटण तयार होतं, आणि आधाराला व्यंजन नसल्यामुळे तिथे ठिपक्यांच्या वर्तुळाला लटकलेली मात्रा दिसते. पहिलीतल्या मुलाने ते चिन्ह आयुष्यात पाहिलेलं नसतं. भर म्हणजे ऱ्हस्व इकार दिसतो आधी आणि टाइप करायचा नंतर. मोठी माणसं सवयीने करतात, मुलाला हे समजावून सांगणार कोण? अक्षरांची बटणं बाराखडीच्या एककांनी बनवावी लागतील, म्हणजे 'कि' हे एकच बटण. भाषांतर करून हा प्रश्न सुटत नाही, तो खेळाच्या रचनेतच सोडवावा लागतो. कोणत्याही भारतीय लिपीसाठी असा खेळ पोर्ट करणाऱ्याने सुरुवातीलाच हे तपासावं.

बुद्धिबळ खेळणारा शेजारी

जुन्या जीकॉम्प्रीत बुद्धिबळ होतं, पण बुद्धिबळ खेळता त्याला स्वतःला येत नव्हतं. पट आणि सोंगट्या जीकॉम्प्रीच्या, विचार जीएनयू-चेस या स्वतंत्र प्रोग्रॅमचा. मागे तो प्रोग्रॅम सुरू करायचा, मुलाची चाल त्याला कळवायची, त्याची चाल वाचून पटावर दाखवायची. लिनक्सवर ही अगदी रास्त पद्धत. एक काम करणारा चांगला प्रोग्रॅम असताना दुसरा कशाला लिहायचा? पॅकेज बसवतानाच जीएनयू-चेसही बसवून घेतलं जाई. विजेच्या मंडलाच्या खेळाचं गणित असंच जीएनयू-कॅप या बाहेरच्या प्रोग्रॅमकडे होतं. आणि चित्र काढायचं असेल तर एक बटण सरळ टक्स पेंट उघडून द्यायचं.

अँड्रॉइडवर ॲप आपल्या कुंपणात बंद असतं. शेजारी काय बसवलेलं आहे याचा भरवसा नाही, आणि ॲपबरोबर दुसरं पॅकेज आपोआप बसवून घ्यायची सोयही नाही. त्यामुळे बुद्धिबळासाठी पी4डब्ल्यूएन नावाचं, जावास्क्रिप्टमध्ये लिहिलेलं छोटं मुक्त इंजिन आत घेतलं गेलं. जीएनयू-चेसपुढे ते अर्थातच कच्चं. आणि नेमकं हेच सोयीचं पडलं! आठ वर्षांच्या मुलाला हरवायला जीएनयू-चेस कशाला हवं? उलट, कमकुवत प्रतिस्पर्धी बनवण्यासाठीच एरवी कसरत करावी लागते. जावास्क्रिप्ट असल्यामुळे ते क्यूएमएलच्या आत जसंच्या तसं चाललं, प्रत्येक यंत्रासाठी वेगळं बांधायची गरज पडली नाही.

विजेचा खेळ इतका सहज आला नाही. मंडलातला प्रवाह आणि व्होल्टेज मोजणारं इंजिन हवं होतं, ते जावास्क्रिप्टमध्ये मिळेपर्यंत हा खेळ नव्या संचात नव्हता. पुष्कळ उशिरा तो परतला. टक्स पेंटचं बटण गेलं. शिक्षकांसाठी असलेला प्रशासनाचा भागही नव्या आवृत्तीत सुरुवातीला आला नाही. वर्ग, मुलांची नावं, कोणी काय खेळलं याची नोंद, हे सगळं जुन्यात एसक्यूलाइटच्या डेटाबेसमध्ये ठेवता येई. फोन हे एका घरातलं यंत्र, तिथे पटसंख्या कशाला, हा विचार कळतो. पण ज्या शाळा संगणक-कक्षात जीकॉम्प्री वापरत होत्या त्यांच्या हातातून एक उपयोगी गोष्ट गेली. पोर्टच्या जमाखर्चात हे खर्चाच्या बाजूला प्रामाणिकपणे लिहायला हवं.

पन्नास एमबीची चौकट

2014 मध्ये गुगल प्ले स्टोअरवर ॲपच्या फाइलला 50 एमबीची मर्यादा होती. पुढच्या वर्षी ती 100 एमबी झाली. जीकॉम्प्रीत शंभरावर खेळांची चित्रं, आणि प्रत्येक भाषेचे शेकडो आवाज: प्रत्येक अक्षराचा उच्चार, रंगांची नावं, देशांची नावं, शब्दसंग्रहाचे शब्द, प्रत्येक खेळाची ओळख करून देणारं वाक्य. लिनक्सवर प्रत्येक भाषेच्या आवाजांचं वेगळं पॅकेज असे, वापरणाऱ्याने हवं ते बसवावं. फोनवर सगळ्या भाषा एका ॲपमध्ये कोंबणं अशक्य.

उपाय असा झाला. ॲपमध्ये खेळ आणि किमान चित्रं. आवाज मात्र भाषेनुसार एकेका गठ्ठ्यात बांधून केडीईच्या सर्व्हरवर. क्यूटीचा आरसीसी हा प्रकार इथे कामी आला: शेकडो लहान फाइली एका फाइलीत बांधायच्या, आणि ॲप चालू असतानाच ती फाइल जोडून घ्यायची. जणू त्या फाइली पहिल्यापासून आतच होत्या. भाषा निवडली की ॲप सर्व्हरवरच्या यादीशी बेरीजखूण (फाइल बदलली का हे ओळखायचा आकडा) ताडून बघतं, गठ्ठा नवा असेल तर उतरवून घेतं. आवाजाचे प्रकारही यंत्रागणिक वेगळे, कुठे ओजीजी, कुठे एएसी, कुठे एमपी3. कोडमध्ये फाइलच्या नावापुढे प्रकार न लिहिता एक खूण लिहायची आणि बांधणी करताना, म्हणजे कोडपासून ॲप तयार करताना, ती भरायची, अशी सोय केली गेली.

चित्रांची कथा वेगळी. आधीची चित्रं अनेकांनी अनेक वर्षांत काढलेली, कोणाची शैली कोणाशी जुळत नाही. 800 बाय 520 वर खपून जात होती, टॅबलेटच्या दाट पडद्यावर फाटू लागली. टिमोथे झिए या फ्रेंच चित्रकाराने नव्या, एकसारख्या चित्रांचं काम अंगावर घेतलं आणि त्यासाठी लोकवर्गणीही मागितली. आकार कितीही झाला तरी रेषा स्वच्छ राहावी म्हणून एसव्हीजी हा चित्रप्रकार, पण क्यूटीला तेव्हा एसव्हीजीचा 'टायनी' हा छोटा अवतारच समजत असे. धूसर कडा, फिल्टर वगैरे नखरे तिथे चालत नसत. म्हणजे चित्रकारालाही सपाट रंग आणि साध्या छटांत काम करावं लागलं. आज जीकॉम्प्रीचं जे स्वच्छ, मोकळं रूप दिसतं त्यात या तांत्रिक बंधनाचाही वाटा आहे.

कुलूप

पैशांची बाजू थोडी नाजूक. जीकॉम्प्री लिनक्सवर नेहमीच पूर्ण आणि फुकट. विंडोजवर मात्र पूर्वीपासून थोडेच खेळ उघडे असत, बाकीच्यांसाठी पैसे भरून कोड घ्यायचा. हेतू लोकांना लिनक्सकडे वळवण्याचा आणि खर्च भागवण्याचा. अँड्रॉइडवर येताना हीच पद्धत बरोबर आली. बांधणीच्या सेटिंगमध्ये कुलपाचे प्रकार होते: कुलूप नको, कोड टाकून उघडणारं, ॲपमधून खरेदी करून उघडणारं.

यात बेकायदा काही नाही. जीपीएल पैसे घेऊ नका असं म्हणत नाही, सोर्स द्या एवढंच म्हणते, आणि सोर्स सगळा उघडा होता. ज्याला कुलूप नको त्याने स्वतः बांधून घ्यावं. पण गावाकडच्या शिक्षिकेला 'स्वतः बांधून घ्या' हे उत्तर म्हणजे नकारच. फेब्रुवारी 2020 मध्ये हे कुलूप सगळ्याच यंत्रांवरून काढलं गेलं, आणि काम देणग्यांवर चालू लागलं. तोवर सांभाळण्याची जबाबदारी टिमोथे झिए आणि जॉनी जाझे यांच्याकडे आली होती. माझ्या दृष्टीने पोर्ट खऱ्या अर्थाने पुरा झाला तो तेव्हा. फोनवर नेण्याचा उद्देशच जास्त मुलांपर्यंत पोहोचणं हा असेल, तर दारात कुलूप असताना तो पुरा झाला म्हणणं अवघड.

आयफोनचं दार मात्र वेगळ्याच कारणाने अडतं. ॲपलच्या स्टोअरच्या अटी आणि जीपीएल यांचं जमत नाही, हे व्हीएलसी या मुक्त व्हिडिओ प्लेअरच्या प्रकरणात 2011 च्या जानेवारीत दिसलं होतं, जेव्हा ते ॲप स्टोअरवरून काढलं गेलं. ज्या प्रकल्पात शेकडो लोकांचं काम आहे तिथे सगळ्यांकडून परवाना बदलून घेणं जवळपास अशक्य. जीकॉम्प्रीच्या अधिकृत डाउनलोडमध्ये अँड्रॉइड, विंडोज, मॅक, लिनक्स आणि रास्पबेरी पाय आहेत, आयफोन नाही.

किती वेळ लागला, आणि कोणी केलं

2014 मध्ये सुरू झालेलं काम 1.0 या आकड्याला पोहोचलं नोव्हेंबर 2020 मध्ये, प्रकल्पाच्या विसाव्या वाढदिवसाला. जुन्या जीटीकेची शेवटची आवृत्ती ऑक्टोबर 2015 ची. म्हणजे मधली काही वर्षं लिनक्सवाल्यांकडे एकतर थांबलेलं जुनं किंवा अर्धं भरलेलं नवं. 2022 च्या 3.0 आवृत्तीत 182 खेळ होते, जुन्या संचापेक्षा बरेच जास्त.

एकेक खेळ सुटा असल्याचा फायदा इथे पुन्हा झाला. नवा खेळ सुरू करायला एक छोटी स्क्रिप्ट आहे, ती रिकामा सांगाडा तयार करून देते. मग जुना खेळ समोर ठेवून नव्यात लिहायचा. गुगल समर ऑफ कोड आणि सीझन ऑफ केडीई या, विद्यार्थ्यांना मुक्त सॉफ्टवेअरच्या कामाला लावणाऱ्या उपक्रमांतून आलेल्या विद्यार्थ्यांना हे काम अगदी योग्य मापाचं होतं, आणि त्यांत भारतीय अभियांत्रिकी महाविद्यालयांतली मुलंमुली बरीच होती. एका उन्हाळ्यात दोन-तीन खेळ, असं करत यादी सरकत गेली.

काम संपतं असं मात्र नाही. प्ले स्टोअरने ऑगस्ट 2019 पासून 64-बिट बांधणी सक्तीची केली. अँड्रॉइडची नवी आवृत्ती आली की परवानग्यांचे नियम बदलतात. संगणकावर एकदा बसवलेला प्रोग्रॅम दहा वर्षं निमूट चालतो; स्टोअरवरचं ॲप दोन वर्षं दुर्लक्षित राहिलं तर यादीतून दिसेनासं होऊ शकतं. स्वयंसेवकांच्या प्रकल्पाला हे कायमचं भाडं आहे.

आणि एक भुर्दंड बसला तो जुन्या संगणकांना. क्यूटी क्विकला तेव्हा पडदा रंगवायला ओपनजीएल, म्हणजे ग्राफिक्स कार्डाचा आधार, लागत असे. शाळांच्या कक्षातली जुनी यंत्रं, जिथे जीटीकेचं जीकॉम्प्री सुखाने चालत होतं, त्यांतल्या काहींवर नवं रिकामी खिडकी दाखवू लागलं. पुढे ग्राफिक्स कार्डाविना चालायची सोय आली, पण तिथे ठिणग्या-चांदण्यांसारखे परिणाम दिसत नाहीत. फोनसाठी केलेल्या बदलाचं बिल संगणकवाल्या शाळेने भरलं, असं हे गणित.

केरळने ते भरूनही जीकॉम्प्री सोडलं नाही. तिथली काइट ही सरकारी संस्था शाळांसाठी लिनक्सवर आधारित स्वतःची प्रणाली तयार करते, त्यात जीकॉम्प्री आहे आणि मल्याळममध्ये आहे. भाषांतर टिकलं, कारण ते वापरणारी शाळा आणि ते करणारी संस्था एकाच साखळीत होती.

मराठीचं काय

जुन्या जीकॉम्प्रीसाठी डेबियनमध्ये मराठी आवाजांचं वेगळं पॅकेज होतं, भाषेच्या 'एमआर' या खुणेसह. म्हणजे हे काम कोणीतरी एकदा केलेलं आहे. पण जुन्याचं भाषांतर ग्नोमच्या गटांकडे होतं, नव्याचं केडीईच्या. ज्या भाषेत दोन्हीकडे माणसं आहेत तिथे हे स्थलांतर निभावतं. जिथे मूठभर माणसं आहेत तिथे धागा तुटण्याची भीती असते, आणि शंभर खेळांचा जुना मजकूर आपोआप आला तरी पुढचे ऐंशी खेळ कोऱ्या पाटीसारखे समोर असतात.

आवाजांचं काम कसं असतं ते पाहा. अक्षरांच्या फाइलींना नावं युनिकोडच्या क्रमांकाने दिलेली असतात. 'क' साठी यू0915, 'ळ' साठी यू0933. पद्धत सुरेख आहे, कारण खेळाला अक्षर माहीत असलं की फाइल सापडते, वेगळी यादी लागत नाही. पण एक अक्षर, एक क्रमांक, एक फाइल हा हिशेब 'क्ष' आणि 'ज्ञ'पाशी मोडतो. मूळाक्षरांच्या तक्त्यात ती एकेक अक्षरं, युनिकोडमध्ये प्रत्येकी तीन चिन्हं. बाराखडीचा प्रश्न वर आलाच आहे. एवढी जागा नीट करायला प्रोग्रॅमर लागेल.

बाकीच्याला लागत नाही. अक्षरं, रंग, देश, शब्द आणि खेळांची ओळखवाक्यं असे गट ठरलेले आहेत. शांत खोली, बरा मायक्रोफोन आणि स्पष्ट उच्चाराची एक शिक्षिका एवढ्यावर रेकॉर्डिंग होतं. आणि 50 एमबीच्या अडचणीपायी आवाज ॲपबाहेर काढल्याचा लाभ इथे मिळतो: रेकॉर्डिंग सर्व्हरवरच्या मराठी गठ्ठ्यात गेलं की ॲपची नवी आवृत्ती निघायची वाट बघावी लागत नाही. मुलाने भाषा मराठी निवडलेली असेल, फोन इंटरनेटला जोडलेला असेल आणि सेटिंगमध्ये आवाज आपोआप उतरवणं चालू असेल, तर नवा गठ्ठा आपसूक उतरतो.